रेझिस्टन्स बँडचा सेट: पन्नाशीनंतर घ्यावाच असा, पण पिवळ्यावर अडकून राहू नका

ताणून व्यायाम करायच्या सपाट, लांब, हँडल नसलेल्या रबरी पट्ट्यांचा पाच रंगांचा सेट आहे हा, पिवळा लाल हिरवा निळा काळा (पिवळा सगळ्यात हलका, काळा सगळ्यात जड), आणि घरात आम्ही तिघं तो वापरतो, मी, नवरा आणि माझी आई. आम्ही दोघं साठीच्या आसपास आणि आई ऐंशीच्या पुढे. बराच काळ वापरून झालाय म्हणून सविस्तर लिहितेय, कारण घ्यायच्या आधी मी जे रिव्ह्यू वाचले ते एकतर पंचविशीतल्या पोरांचे होते नाहीतर "छान प्रॉडक्ट, पॅकिंग मस्त" एवढेच. वय झालेल्या माणसाला यातून काय मिळतं आणि काय मिळत नाही ते कुणी लिहिलेलंच नव्हतं.

आधी हे सांगते की हा प्रकार लागतोच कशाला. आपल्या वयाची बहुतेक मंडळी चालतात आणि चालणं झालं की व्यायाम झाला असं धरून चालतात. चालणं उत्तमच आहे, हृदयाला, शुगरला, झोपेला, मनाला, मी स्वतः रोज चालते आणि ते सोडणार नाही. पण चालल्याने दंड, खांदे, पाठ यांना जवळपास काहीच काम पडत नाही, आणि मांड्यांनाही सपाट रस्त्यावर रोज तेवढंच काम पडतं जेवढं त्यांना आधीपासून सवयीचं आहे. तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होत जातात, साठीनंतर हा वेग वाढतो, आणि ताकद तर स्नायूंच्या आकारापेक्षाही भराभर उतरते. झाकण उघडत नाही, पिशवी उचलली की खांदा भरतो, खुर्चीतून उठताना हात टेकावा लागतो, हे सगळं "वय झालं" म्हणून सोडून देतो आपण, पण त्यातला मोठा भाग स्नायूंना काम न मिळाल्यामुळे असतो. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची गाईडलाइन बघा, त्यात आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम हे सगळ्यांना पाठ असतं पण त्याच्याच पुढे आठवड्यातून किमान २ दिवस ताकदीचा व्यायाम लिहिलाय, आणि ६५ च्या पुढच्यांसाठी तोल आणि ताकद दोन्हींवर काम करणारा व्यायाम ३ किंवा जास्त दिवस. हा दुसरा अर्धा भागच लोक वाचत नाहीत.

आणि "आता या वयात काय ताकद येणार" असं म्हणणाऱ्यांसाठी, १९९० मध्ये अमेरिकेत मारिया फियाटारोन आणि सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमात राहणाऱ्या नव्वदीतल्या लोकांकडून ८ आठवडे पायांचा वजनाचा व्यायाम करून घेतला होता, माणसं थोडीच होती, १० जणं, पण त्यांच्या मांडीची ताकद सरासरी १७४ टक्के वाढली. नव्वदीत! तो मशीनवरचा व्यायाम होता, बँडचा नाही, आणि चांगला दमवणारा होता, हे मुद्दाम सांगते कारण पुढे तोच मुद्दा येणार आहे.

आता बँडविषयी. डंबेल न घेता बँड का, तर पहिलं कारण भीती. आईच्या हातात लोखंडी वजन द्यायला मला धीर झाला नसता, पायावर पडलं तर काय. बँड हातातून सुटला तरी पडून काही मोडत नाही (तोंडावर येऊ शकतो, ते पुढे सांगते). दुसरं म्हणजे ताण हळूहळू वाढतो, सुरुवातीला सैल आणि जसजसा खेचाल तसतसा जड, त्यामुळे दुखऱ्या खांद्याला एकदम झटका बसत नाही. आपल्याला झेपेल तिथपर्यंत खेचायचं आणि सोडायचं. तिसरं म्हणजे खेचण्याचे व्यायाम. घरी वजनाशिवाय ढकलण्याचे व्यायाम होतात, भिंतीला हात लावून पुशअप्स होतात, पण पाठीकडे खेचण्याचे होत नाहीत, आणि पुढे वाकलेले खांदे, पोक येणं, मान दुखणं यासाठी तेच सगळ्यात जास्त लागतात. जमिनीवर किंवा खुर्चीत बसून पाय पुढे करायचे, बँड तळव्यांभोवती गुंडाळायचा आणि कोपरं मागे नेत खेचायचं, पाठीच्या पात्यांमध्ये जे काम जाणवतं ना ते मला आजवर दुसऱ्या कुठल्याच घरगुती व्यायामात जाणवलेलं नाही. या एका व्यायामासाठी सुद्धा मी हा सेट घेतला असता.

परिणाम खरंच होतो का? बँड आणि वजनं यांची तुलना करणारे बरेच अभ्यास एकत्र करून २०१९ मध्ये पाहिलं गेलं तेव्हा ताकद वाढण्यात म्हणावा असा फरक दिसला नाही. म्हणजे स्नायूला रबर आहे का लोखंड आहे याच्याशी देणंघेणं नाही, त्याला पुरेसं जड काम पाहिजे.

आणि इथेच या प्रॉडक्टची सगळ्यात मोठी अडचण आहे, जी डब्यावर कुठेच लिहिलेली नसते. पुरेसं जड. डंबेलवर किलो लिहिलेले असतात, आज २ उचलले, पुढच्या महिन्यात ३, कळतं. बँडवर नुसता रंग. त्यातही रंगांचा अर्थ कंपनीप्रमाणे बदलतो. थेराबँड या कंपनीचे आकडे घेतले तर त्यांचा हिरवा बँड दुप्पट लांबीचा होईपर्यंत ताणला की साधारण २ किलोचा ताण येतो आणि काळ्याला साधारण ३.३ किलोचा, पण दुसऱ्या कंपनीचा हिरवा तेवढाच असेल याची खात्री नाही. आणि एकच बँड थोडा आखूड धरला की जड, लांब धरला की हलका, म्हणजे काल जेवढं केलं तेवढंच आज केलं का हेही नक्की सांगता येत नाही. यामुळे होतं काय की माणूस पिवळ्याने सुरू करतो, सोपं जातं, छान वाटतं, आणि वर्षानुवर्षं पिवळाच ताणत बसतो. ओळखीतल्या कितीतरी घरांत सेटमधला पिवळा वापरून वापरून फिका झालेला आणि निळा काळा अजून घडीत, असं बघितलंय मी. पिवळा १५-२० वेळा गप्पा मारत खेचता येत असेल तर तो सांध्यांची हालचाल म्हणून ठीक आहे, ताकद त्याने वाढणार नाही.

मी वापरते तो नियम असा, जो रंग घेऊन १० ते १५ वेळा खेचल्यावर "अजून दोन-तीनदा जेमतेम जमलं असतं" असं वाटतं तो आपला रंग. १५ च्या पुढे आरामात जायला लागलं की आधी थोडं आखूड धरा, तेही सोपं झालं की पुढचा रंग. आणि प्रत्येक व्यायामाचा रंग वेगळा असणार हे मनाशी धरा, मला पाठीसाठी काळा लागतो पण हात बाजूने वर नेताना लालच पुरतो, खांद्याचा स्नायू लहान आहे, त्यात कमीपणा काही नाही. बँड जिथे धरता तिथे मार्करने खूण करून ठेवा, म्हणजे निदान स्वतःशी तुलना करता येते.

प्रगती मोजायला बँड उपयोगी नाही, त्यासाठी खुर्ची वापरा. हात छातीवर आडवे ठेवून ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा पूर्ण उभं राहून बसता येतं ते मोजायचं, अमेरिकेची सरकारी आरोग्य संस्था सीडीसी ही चाचणी पडण्याचा धोका बघायला वापरते. त्यांच्या तक्त्यात ६० ते ६४ वयाच्या बाईला १२ पेक्षा कमी आणि पुरुषाला १४ पेक्षा कमी आले तर ते सरासरीच्या खाली धरतात, ८० ते ८४ ला बाईसाठी ९ आणि पुरुषासाठी १०. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, घसरायला नको, आणि म्हाताऱ्या माणसाजवळ कुणीतरी उभं राहा. आई सुरुवातीला हात टेकल्याशिवाय उठायचीच नाही, आता उठते, आणि तिला स्वतःला याचा जो आनंद झालाय तो बघून मला या पाच रबरी पट्ट्यांविषयी फार माया वाटते हे मोकळेपणाने सांगते.

पण त्यातलं सगळं श्रेय बँडला देता येत नाही. पायांसाठी हे साधन अर्धवटच आहे. खुर्चीतून उठताना सगळ्यात जड भाग खाली असतो, बूड सुटतानाचा, आणि बँड पायाखाली दाबून खांद्यावरून घेतला तर नेमका तिथेच तो सैल असतो आणि वर सरळ उभं राहताना, जिथे काम सोपं आहे, तिथे ताणला जातो. म्हणजे गरज आहे तिथे मदत नाही. म्हणून मांड्यांसाठी आम्ही सावकाश बसणं-उठणं आणि जिना यावरच भर दिला, नवरा पाठीला पुस्तकं भरलेली सॅक लावून करतो. कुल्ल्याच्या बाजूच्या स्नायूंना मात्र बँड चांगला, गुडघ्यांच्या थोडं वर बांधून बाजूला पावलं टाकायची, एका पायावर तोल सांभाळताना हेच स्नायू लागतात. तोलासाठी वेगळं काम करावंच लागतं, ओट्याला किंवा खुर्चीच्या पाठीला एक हात लावून एका पायावर उभं राहणं वगैरे, ते या सेटमध्ये कुठून येणार.

हाडांविषयीही खोट्या आशा नकोत. कुठल्या कुठल्या जाहिरातीत हाडं मजबूत करा असं लिहिलेलं असतं. पाळी गेलेल्या, हाडं विरळ झालेल्या बायकांवर ऑस्ट्रेलियात लिफ्टमोर नावाचा अभ्यास झाला त्यात मणक्याच्या हाडांची घनता वाढली खरी, पण तिथे तज्ज्ञांच्या देखरेखीखाली आठवड्यातून दोनदा भरपूर जड वजनं उचलायला लावली होती, ८ महिने. बँडने तेवढा भार हाडांवर पडत नाही. ज्यांना ऑस्टिओपोरोसिस (हाडं ठिसूळ होणं) सांगितलाय त्यांनी डॉक्टरांशी किंवा फिजिओशी बोलून ठरवा, आणि पाठीतून पुढे वाकून खेचण्याचे प्रकार आपल्या मनाने करू नका.

आता सेफ्टी, हे नीट वाचा. बँड तुटतो. आमचा लाल तुटला, आईच्या हातात, पायाभोवतीच्या भागात बारीक चीर पडली होती. काही लागलं नाही पण घाबरली बिचारी. तेव्हापासून दर वेळी सुरू करायच्या आधी उजेडाकडे धरून थोडा ताणून बघतो, टोचलेली भोकं, कडेला चिरा, पांढरट झालेला पट्टा, काहीही दिसलं की तो फेकायचा, गाठ मारून वापरायचा नाही. अंगठ्या काढा, नखं लागू देऊ नका. तळव्याभोवती गुंडाळताना एकदाच टाकला तर तो घसरून थेट चेहऱ्याकडे येतो, म्हणून दोन वेढे द्या आणि बूट किंवा मोजे असतील तर बँड पायाच्या मधोमध बसलाय का बघा. डोळ्यांच्या रेषेत खेचू नका, चष्मा असेल तर असू द्या. श्वास रोखून खेचलं की ब्लडप्रेशर तेवढ्यापुरतं खूप चढतं, बीपीवाल्यांनी खेचताना श्वास सोडायचा, मोठ्याने आकडे मोजत केलं की आपोआप सुटतो, आई तसंच करते. मूठ फार घट्ट आवळावी लागत असेल, संधिवातात ते दुखतं, तर बँड तळहाताभोवती गुंडाळून घ्या. नुकतंच डोळ्यांचं किंवा पोटाचं ऑपरेशन झालं असेल तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत थांबा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्नायू दुखणं नॉर्मल आहे, सांध्यात टोचल्यासारखं दुखलं तर ते नॉर्मल नाही, तो व्यायाम बंद.

हा सेट लेटेक्सचा आहे, सुरुवातीला वास येतो, तो काही दिवसांत जातो. लेटेक्सची अ‍ॅलर्जी असेल तर विनालेटेक्सचे मिळतात ते घ्या. ऊन आणि तेल दोन्हींनी रबर लवकर खराब होतं, म्हणून मालिश करून लगेच बँड हातात घेऊ नका, आणि चिकटायला लागला तर थोडी टाल्कम पावडर चोळून ठेवा.

कुठला घ्यायचा असं विचाराल तर हँडलवाले ट्यूब आमच्या वयाला मला पटले नाहीत, हँडल जोडलेल्या जागी ते सुटतात, शिवाय आखूड-लांब करणं अवघड. छोटे गोल लूप पायांच्या त्या एका व्यायामाला बरे, बाकी कशाला नाही. सपाटच घ्या आणि लांबी २ मीटर असेल असं बघा, दीड मीटरचा उंच माणसाला बसून खेचायला कमी पडतो, नवऱ्याला पडतोच. सेट घेण्यापेक्षा सुटे मिळत असतील तर तरुण साठीतल्यांनी लाल, हिरवा, निळा असे घ्यावेत, पिवळ्याची गरज बहुतेकांना पडत नाही. ऐंशीच्या पुढच्यांना किंवा आजारातून उठलेल्यांना पिवळ्यापासून सुरुवात करू द्या, पण लाल शेजारीच ठेवा. आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून, अर्धा तास पुरतो. पाचपैकी चार स्टार, एक स्टार कमी केलाय तो किती किलोचा ताण ते बँडवर छापत नाहीत म्हणून.