होटगी रस्त्यावरील झाडतोड: कटाई चोख, यंत्राभोवतीची शिस्त अपुरी

होटगी रस्त्यालगतच्या आमच्या मोकळ्या जागेत वाळवीने पोखरलेली दोन कडुनिंबाची झाडे आणि कुंपणाकडे कललेली एक निलगिरी होती. शहर हद्दीत 1975 च्या महाराष्ट्राच्या वृक्ष संरक्षण अधिनियमानुसार आवश्यक असलेली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी मिळाल्यावर सोलापुरातीलच एका ठेकेदाराकडे आम्ही हे काम सोपवले. चेनसॉ चालवणारे दोघे, जेसीबी, हायड्रा (ओझे उचलून चालणारी क्रेन), ट्रक आणि चार बिगारी सकाळी सातला हजर झाले व दुपारी तीनपर्यंत जागा मोकळी झाली. वेळ आणि दर यांबाबत माझी काहीच तक्रार नाही.

मुख्य कारागीर खरोखर जाणकार होता. कललेले खोड आधीच ताणाखाली असते आणि मागून घाईने कापल्यास ते उभे चिरून कापणाऱ्याच्या अंगावर उसळते, म्हणून त्याने कापाच्या वर बुंध्याला साखळी आवळली, पडण्याच्या बाजूला खाच घेतली आणि मागचा काप देताना मध्ये लाकडाची पट्टी राखली. त्या पट्टीवर बिजागरीसारखी वळत निलगिरी ठरल्या जागी आडवी झाली. त्याच्या जोडीदाराच्या पायांत मात्र साध्या चपला होत्या.

कडुनिंबाची झाडे जेसीबीने रेटून पाडली, ते मला मुळीच पटले नाही. वाळक्या झाडाला बकेटचा धक्का बसला की बुंधा हलण्याआधी शेंडा हादरतो आणि तुटलेली फांदी केबिनवर येऊ शकते. त्यातच झाड कोसळताना उपटणारी मुळे पुढच्या चाकांखालची माती उचलतात. केबिनच्या काचेला जाळी नव्हती. झाड सुमारे 12 मीटर उंच, म्हणजे माणसे किमान 24 मीटर दूर हवी होती. बिगारी त्याच्या निम्म्या अंतरावर उभे होते.

सर्वाधिक धास्ती वाटली ती ओंडके ट्रककडे नेताना. 60 सेंटिमीटर व्यासाचा आणि 3 मीटर लांबीचा निलगिरीचा ओला ओंडका 850 किलोच्या आसपास भरतो. तो पट्ट्याला लटकवून हायड्रा पुढे निघाली आणि ओंडका झुलू नये म्हणून एक तरुण तो हाताने धरून यंत्राच्या अगदी पुढून उलटा चालू लागला. बूम (क्रेनचा लांब हात) आणि ओंडका यांच्या आड ऑपरेटरला तो दिसत नव्हता. त्याचा पाय अडखळला असता, तर चाक थांबवायला कोणाला अवसरच मिळाला नसता. मी काम थांबवायला लावले, तेव्हा मुकादमाने वाद न घालता ओंडक्याला दोर बांधला आणि त्या तरुणाला बाजूला, ऑपरेटरच्या नजरेत उभे केले. ही व्यवस्था पहिल्या ओंडक्यापासून असायला हवी होती, कारण दोर ट्रकमध्येच पडलेला होता.

या ठेकेदाराला मी पाचपैकी तीन गुण देतो. त्यांना बोलवायचे असल्यास, जेसीबीने झाड ढकलायचे नाही आणि चालत्या हायड्रापुढे कोणी चालायचे नाही, हे आगाऊ रक्कम देण्यापूर्वी लिहून घ्यावे.