पेनड्राइव्हला कुलूप कोणतं लावायचं: बिटलॉकर, व्हेराक्रिप्ट की बटणांचा ड्राइव्ह?

सदाशिव पेठेत माझ्या मावसबहिणीचं कर सल्लागाराचं ऑफिस आहे. विवरणपत्रं भरायचे दिवस आले की तिथे पेनड्राइव्ह सतत फिरतीवर असतात: अशिलाच्या दुकानातून ऑफिसात, ऑफिसातून घरी, सकाळी पुन्हा ऑफिसात. मागच्या हंगामात तिच्या मदतनीस मुलाच्या खिशातून एक ड्राइव्ह स्वारगेटहून येताना रिक्षात पडला, तो सापडलाच नाही. ड्राइव्ह चारशे रुपयांचा. आत साठेक कुटुंबांची पॅनकार्डं, आधारच्या प्रती, बँकेचे उतारे. ताईने एकेका अशिलाला स्वतः फोन करून हे सांगितलं. त्या आठवड्यात तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता, हे मी पाहिलं आहे. मग ती मला म्हणाली, "अरे, कुलूप लावायचं तर नेमकं कोणतं लावू एवढं सांग. दहा नावं सांगू नकोस."

मी तीन पर्याय हातात घेतले आणि तिच्याच कामाला लावून पाहिले. त्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. कोणतं कुलूप जास्त मजबूत, इथून सुरुवात केली की माणूस अडकतो, कारण नीट वापरली तर तिन्ही पुरेशी मजबूत आहेत. आधी विचारायचं ते हे: हा ड्राइव्ह कुणाकुणाच्या कॉम्प्युटरला लागणार आहे?

पण त्याआधी, ज्याला लोक कुलूप समजतात आणि जे कुलूप नाही, ते बाजूला काढू. फोल्डर 'हिडन' करणं म्हणजे नुसता पडदा. सेटिंगमध्ये एक टिचकी मारली की तो दिसतो. एक्सेलमधलं 'प्रोटेक्ट शीट' चुकून आकडे बदलू नयेत म्हणून असतं, त्याने फाइल एन्क्रिप्ट होत नाही, म्हणजे पासवर्डशिवाय वाचताच येणार नाही अशा सांकेतिक रूपात जात नाही. त्याच एक्सेलमधलं 'एन्क्रिप्ट विथ पासवर्ड' मात्र खरं एन्क्रिप्शन आहे. ही दोन्ही एकाच मेनूत शेजारी शेजारी असल्यामुळे फार घोटाळा होतो.

सगळ्यात जास्त फसवतात त्या पीडीएफ. ताई म्हणाली होती, "बऱ्याच फाइलींना पासवर्ड होता रे." होता खरा. आयकर खात्याच्या वार्षिक माहिती पत्रकाचा पासवर्ड म्हणजे लहान अक्षरांतला पॅन आणि पुढे जन्मतारीख. ई-आधारचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्माचं साल. आणि त्याच फोल्डरमध्ये पॅनकार्डाचा फोटो, ज्यावर नाव, पॅन आणि जन्मतारीख तिन्ही छापलेली. कुलूप आणि किल्ली एकाच पिशवीत. असा ड्राइव्ह ज्याच्या हाती पडेल, त्याला पासवर्ड फोडावे लागत नाहीत, वाचावे लागतात. म्हणून एकेका फाइलीच्या पासवर्डवर विसंबू नका. सगळा ड्राइव्ह किंवा त्यातला सगळा गठ्ठाच बंद झाला पाहिजे.

बिटलॉकर

पेनड्राइव्हसाठीचं बिटलॉकर विंडोजमध्ये २००९ पासून, म्हणजे विंडोज ७ पासून आहे. वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही, पण एक अट आहे. ड्राइव्हला कुलूप लावायला विंडोजची 'प्रो', 'एंटरप्राइझ' किंवा 'एज्युकेशन' आवृत्ती लागते. बहुतेक घरगुती लॅपटॉपवर 'होम' असते, आणि तिथे हा पर्याय मिळत नाही. मात्र प्रोवर कुलूप लावलेला ड्राइव्ह होमवर पासवर्ड टाकून व्यवस्थित उघडतो, त्यात लिहिताही येतं. म्हणजे अख्ख्या ऑफिसात एक प्रो मशीन असलं तरी काम भागतं.

ड्राइव्हवर राइट क्लिक करून बिटलॉकर चालू करायचं आणि पासवर्ड द्यायचा. मग विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की देतं. इथे घाई करू नका. पासवर्ड विसरलात तर ती की हाच एकमेव रस्ता उरतो. ती कागदावर छापून कपाटात ठेवा, आणखी एक प्रत विश्वासाच्या माणसाकडे द्या. ड्राइव्हला चिकटवू नका आणि त्याच पाउचमध्येही ठेवू नका. पुढे फक्त वापरलेली जागा एन्क्रिप्ट करायची की सगळा ड्राइव्ह, असं विचारतात. कोरा ड्राइव्ह असेल तर पहिलं पुरे. आधी वापरलेला असेल तर दुसरंच निवडा, कारण पुसलेल्या फाइली रिकाम्या दिसणाऱ्या जागेत अजून पडून असतात. त्यातही फ्लॅश मेमरी झीज वाटून घेण्यासाठी लिखाणाच्या जागा आतल्या आत बदलत राहते, त्यामुळे जुन्या डेटाचा एखादा तुकडा एन्क्रिप्शनच्या तावडीतून सुटू शकतो. मी तर महत्त्वाच्या कामाला नवा कोरा ड्राइव्हच घ्यायला सांगतो.

जुन्या विंडोजवरही ड्राइव्ह फिरणार असेल तर 'कंपॅटिबल मोड' घ्या. आणि ज्याच्याकडे मॅक आहे त्याने बिटलॉकरचा विचार सोडून द्यावा. मॅक तो ड्राइव्ह स्वतःहून उघडत नाही.

मला बिटलॉकरचा सगळ्यात आवडलेला गुण म्हणजे वापरणाऱ्याला वेगळं काही शिकावं लागत नाही. ड्राइव्ह लावला की पासवर्ड विचारला जातो. मदतनीस मुलाने पहिल्याच दिवशी न विचारता तो वापरला. जे कुलूप रोज लावायला सोपं, तेच हंगामाच्या धावपळीतही लावलं जातं.

व्हेराक्रिप्ट

ट्रूक्रिप्ट नावाचं एन्क्रिप्शनचं जुनं, लोकप्रिय सॉफ्टवेअर त्याच्या कर्त्यांनी मे २०१४ मध्ये अचानक बंद केलं. त्याच्याच पायावर २०१३ पासून उभं राहत आलेलं व्हेराक्रिप्ट आज ती जागा सांभाळून आहे. ते फुकट आहे, त्याचा कोड सर्वांसाठी खुला आहे आणि २०१६ मध्ये त्याचं स्वतंत्र परीक्षणही झालं. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं, आणि विंडोज होमवर कुलूप लावायलाही चालतं. घरी मॅक, विभागात लिनक्स आणि मार्गदर्शकांच्या खोलीत विंडोज अशी कसरत करणारे पीएचडीचे विद्यार्थी विद्यापीठात भरपूर आहेत. मुलाखतींची ध्वनिमुद्रणं जपायची असतील तर त्यांच्यासाठी मी हेच सुचवेन. फक्त मॅकवर मॅकफ्यूजसारखं एक जोडसॉफ्टवेअर बसवावं लागतं.

हे वापरायच्या दोन पद्धती आहेत, आणि त्यातली एक निवडताना लोकांचा डेटा गेलेला आहे. पहिल्या पद्धतीत अख्खा ड्राइव्ह एन्क्रिप्ट होतो. असा ड्राइव्ह विंडोजला लावला की विंडोजला तो ओळखू येत नाही, आणि 'वापरण्याआधी फॉरमॅट करा' अशी खिडकी समोर येते. घाईतल्या एखाद्या सहकाऱ्याने होकार दिला की संपलं. दुसऱ्या पद्धतीत ड्राइव्हवर एकच मोठी फाइल बनवायची, तीच तिजोरी. ड्राइव्ह नेहमीसारखा दिसतो, ती फाइल व्हेराक्रिप्टमधून उघडायची. मी ही दुसरीच पद्धत सांगतो. फक्त ड्राइव्ह आधी फॉरमॅट करताना 'एक्सफॅट' हा प्रकार निवडा, कारण 'फॅट३२' या जुन्या प्रकारात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. आणि काम झालं की आधी तिजोरी बंद करा, मग ड्राइव्ह ओढा. तसाच उपटला आणि नेमकं तेव्हा काही लिहिलं जात असेल तर आतल्या फाइलींची घडी विस्कटते.

ताईच्या कामात व्हेराक्रिप्ट अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. विंडोजवर ते ड्राइव्हवरूनच चालवता येतं, पण त्यालाही अॅडमिनचे, म्हणजे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्याचे, अधिकार लागतात. अशिलाच्या कंपनीतल्या कॉम्प्युटरवर ते अधिकार पाहुण्याला कोण देणार? एका ठिकाणी आम्ही अर्धा तास सिस्टिमवाल्याची वाट पाहिली आणि शेवटी कागदांचे फोटो काढून परत आलो.

बटणांचा ड्राइव्ह

याच्या अंगावरच आकड्यांची बटणं असतात. पिन दाबायचा, मग कॉम्प्युटरला लावायचा. एन्क्रिप्शन आतली चिप करते, त्यामुळे विंडोज, मॅक, लिनक्स काहीही चालतं, अॅडमिन नको, सॉफ्टवेअर नको. दोन-तीन हॉस्पिटलांत जाणारे आणि तिथलेच कॉम्प्युटर वापरणारे डॉक्टर यांना याहून सोयीचं काही नाही. किंग्स्टनचा आयर्नकी कीपॅड किंवा एप्रिकॉर्नचे ड्राइव्ह या जातीचे. मी तपकीर गल्लीत दोन-तीन दुकानांत विचारलं, मिळाला नाही, ऑनलाइन मागवावा लागला. किंमत साध्या ड्राइव्हच्या कितीतरी पट.

नुसतं 'हार्डवेअर एन्क्रिप्शन' वाचून मात्र पैसे टाकू नका. २०१० च्या सुरुवातीला किंग्स्टन, सॅनडिस्क आणि व्हर्बाटिम या तिघांच्या काही सुरक्षित ड्राइव्हमध्ये एकच दोष निघाला. पासवर्ड बरोबर आहे की नाही हे कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर ठरवत होतं आणि मग ड्राइव्हला दरवेळी तोच 'उघड' संदेश पाठवत होतं. जर्मनीतल्या सिस या कंपनीच्या संशोधकांनी तो संदेश थेट पाठवला, पासवर्डची गरजच राहिली नाही. त्या ड्राइव्हना अमेरिकी सरकारचं प्रमाणपत्रही होतं. पुढे २०१८ मध्ये नेदरलँड्सच्या राडबाउड विद्यापीठातल्या संशोधकांना काही एसएसडींच्या (चिपवर डेटा साठवणाऱ्या वेगवान डिस्कच्या) आतल्या एन्क्रिप्शनमध्ये मोठी भोकं सापडली, सॅमसंगचे टी३ आणि टी५ हे पोर्टेबल एसएसडी त्यात होते. मला बटणांचा प्रकार जास्त पटतो तो म्हणूनच: पिन कॉम्प्युटरपर्यंत जातच नाही, तपासणी ड्राइव्हच्या आतच होते.

दुसरी बाजू अशी की असे ड्राइव्ह ठरावीक चुकांनंतर, बहुधा १० नंतर, आतली किल्ली कायमची पुसतात. सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका प्रोग्रॅमरची ७,००२ बिटकॉइनची किल्ली अशाच चुका मोजणाऱ्या एका आयर्नकीत अडकली आणि १० पैकी ८ संधी संपल्या, ही बातमी २०२१ मध्ये जगभर गाजली. चोराला जशी दया नाही तशी मालकालाही नाही. दुसरी प्रत दुसऱ्या कुलपात ठेवलेली नसेल, तर हा ड्राइव्ह घेऊच नका.

चार-दोन फाइली एकदाच पाठवायच्या असतील तर फाइलींचा गठ्ठा बांधणारं सेव्हन-झिप हे सॉफ्टवेअर पुरतं. त्यात 'एईएस-२५६' ही एन्क्रिप्शनची पद्धत निवडा आणि फाइलींची नावं लपवायची खूणही करा, नाहीतर 'देशपांडे गृहकर्ज' हे नाव बाहेरूनच वाचता येतं. साध्या झिपचा जुना पासवर्ड नको. तो फोडायची रीत १९९४ पासून माहीत आहे. रोजच्या कामाला मात्र हे गैरसोयीचं: फाइल आतून उघडली की तिची एक उघडी प्रत कॉम्प्युटरच्या टेम्प, म्हणजे तात्पुरत्या फाइलींच्या, फोल्डरमध्ये उतरते, आणि कधीकधी तिथेच राहते.

पासवर्डबद्दल एवढंच, की एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द घ्या आणि ते रोमन अक्षरांत लिहा, कारण समोरच्या कॉम्प्युटरवर मराठी कीबोर्ड असेलच असं नाही. अभंगाची ओळ नको, मुलीचं नाव नको, गाडीचा नंबर नको.

आणि यातलं कोणतंही कुलूप हरवलेल्या ड्राइव्हला वाचवतं, उघडलेल्या ड्राइव्हला नाही. झेरॉक्सच्या दुकानात पासवर्ड टाकून ड्राइव्ह उघडला की त्या कॉम्प्युटरला, आणि त्यातल्या व्हायरसला, आतलं सगळं मोकळं.

ताईने शेवटी बिटलॉकर घेतलं. तिचे अशील, तिचं ऑफिस, तिचं घर, सगळीकडे विंडोजच आहे, आणि प्रो असलेलं एक मशीन तिच्या टेबलावर आहेच. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेत कसूर झाली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "दंडाचं नंतर बघू. ते साठ फोन मला पुन्हा करायचे नाहीत."

आता तिच्याकडे चार नवे ड्राइव्ह कुलूपबंद आहेत. पाचवा साधाच ठेवलाय, त्याला लाल दोरी बांधली आहे. छपाईला जायचं तेव्हा लागेल तेवढीच फाइल त्यावर घ्यायची आणि आल्यावर पुसायची. चारही रिकव्हरी की छापून एका पाकिटात तिच्या घरच्या कपाटात आहेत, दुसरं पाकीट कोथरूडला माझ्याकडे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ती चारही ड्राइव्ह एकदा उघडून बघते.