नोकरी सांभाळून फिटिंगची कामं: अ‍ॅपवर की स्वतःच्या नंबरवर?

चाकण-भोसरीच्या कंपनीत आयटीआय करून लागलेल्या, हातात कसब असलेल्या माणसाला हा विचार कधी ना कधी शिवतोच. शेजारपाजारचे पडद्याचे रॉड, नळ, कडी-कोयंडे फुकटात करून देतोच आहोत, मग पैसे का घेऊ नयेत? जरूर घ्या. पण घरोघरी कारागीर पाठवणाऱ्या कंपनीच्या अ‍ॅपवर नाव नोंदवायचं की सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आपला नंबर टाकायचा, हे ठरवण्याआधी कोणतं काम घ्यायचं ते ठरवा. निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

थांबणारं काम, न थांबणारं काम

प्लंबिंगच्या दुरुस्तीला मागणी रोजची. बाथरूममध्ये पाणी साचलेलं असताना कुणी फार घासाघीसही करत नाही. अडचण वेळेची आहे. फोन येतो सकाळी दहाला, तेव्हा तुम्ही फर्स्ट शिफ्टला लाइनवर उभे. ‘संध्याकाळी येतो’ म्हटलंत की गिऱ्हाईक दुसऱ्याला बोलावतं, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. शिवाय रात्री बसवलेला अँगल कॉक सकाळी ठिबकायला लागला, तर धावत जायचं कुणी?

फिटिंगचं तसं नाही. पडद्याचे रॉड, टीव्हीचं ब्रॅकेट, आरसा, कपडे वाळत घालायचा पुलीचा स्टँड, डोअर क्लोजर, डासांची जाळी, यातलं काहीही चार दिवस थांबू शकतं. रावेत-पुनावळ्याकडे नवीन फ्लॅटचा ताबा मिळाला की ही सगळी कामं एकाच घरात एकदम निघतात. एका फेरीत अर्धा दिवस भरतो, पेट्रोल एकदाच जळतं. नोकरदारासाठी माझं मत सरळ फिटिंगच्या बाजूने आहे.

दोन गोष्टी मात्र आधी लक्षात घ्या. नव्या इमारतींपैकी बऱ्याच मायवान पद्धतीच्या असतात, म्हणजे विटांऐवजी आतल्या भिंतीसुद्धा काँक्रीटच्या. तिथे घरगुती इम्पॅक्ट ड्रिल नुसतं ओरडतं, भोक पुढे सरकत नाही. रोटरी हॅमर लागतो आणि तो महाग पडतो. टाइल्सवर त्याच्या उलट: हॅमर बंद करून, टाइलचा बिट लावून हळूहळू. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली आणि नळांच्या रेषेत ड्रिल धरायचंच नाही, आत वायर किंवा पाइप असतो.

दुसरी गोष्ट रविवारची. कित्येक सोसायट्यांत रविवारी आणि दुपारच्या झोपेच्या वेळेत ड्रिल चालवायला बंदी असते, गेटवरच अडवतात. म्हणजे ‘रविवारी करू’ हा बेत तिथेच संपतो. इथे पिंपरी-चिंचवडकरांचं नशीब चांगलं. या पट्ट्यात बऱ्याच कंपन्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. गुरुवारी घरी कुणी असेल असं गिऱ्हाईक शोधा, ज्येष्ठ मंडळींची घरं तर हमखास.

विजेच्या कामात पंखा, दिवा, स्विच बदलण्यापुरतंच राहा. नवा पॉइंट काढणं, लोड वाढवणं, वायरिंगमध्ये फेरफार हे परवानाधारक विद्युत ठेकेदाराचं काम आहे, तसा नियमच आहे. आयटीआयचं सर्टिफिकेट म्हणजे तो परवाना नव्हे.

अ‍ॅप

गिऱ्हाईक शोधावं लागत नाही, दर ठरलेला, पैशांसाठी मागे लागावं लागत नाही. बदल्यात कंपनी आपला वाटा कापते, आणि ट्रेनिंग, किट, टी-शर्ट यांचा खर्च सुरुवातीलाच अंगावर येऊ शकतो. सही करण्याआधी ते विचारून घ्या. खरी अडचण वेगळीच आहे. वेळापत्रक त्यांचं. कामं नाकारत गेलात, की पुढची कामं कमी होण्याचा धोका. दिवसभर मोकळ्या असणाऱ्याला हे गणित जमतं. आठ तास गेटच्या आत, फोन लॉकरमध्ये ठेवणाऱ्याला ते कसं जमणार?

स्वतःचा नंबर

वेळ तुमची, पैसे पूर्ण तुमचे. पण सुरुवातीला फोन वाजतच नाही. वाजला तर ‘भाऊ, दोनच होल आहेत हो’ म्हणणाऱ्याचा. म्हणून दर होलवर ठेवू नका; किमान व्हिजिट चार्ज आधी सांगा, त्यात पहिली दोन-तीन होल धरा. फिशर (भोकात बसवायचे प्लॅस्टिकचे प्लग) आणि स्क्रू तुमचे, बाकी सामान गिऱ्हाइकाचं.

तिसरा रस्ता

मला हा सगळ्यात शहाणपणाचा वाटतो, पण त्याचा विचार फार कुणी करत नाही. पडदे-ब्लाइंडच्या दुकानदाराला फिटर हवाच असतो. तो रॉडमागे पैसे देतो, थेट गिऱ्हाइकापेक्षा कमी देतो, पण कामं साठवून तुमच्या सुट्टीच्या दिवशी लावतो. त्या घरांतली बाकीची कामं पुढे तुमच्या नंबरवर येतात. त्याच्या गिऱ्हाइकाला पडदे-ब्लाइंड मात्र स्वतः विकायला जायचं नाही, नाहीतर तो रस्ता बंद.

कागदपत्रं

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, ऑनलाइन आणि मोफत होते. पैसे मागणाऱ्या एजंटाची गरज नाही. सेवेची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही. आयकरात मात्र पगारदाराचं साधं आयटीआर-1 आता चालणार नाही. अनुमानित पद्धतीने आयटीआर-4 भरता येतं: यूपीआय किंवा बँकेतून आलेल्या रकमेच्या किमान 6 टक्के आणि रोखीच्या किमान 8 टक्के नफा धरायचा. प्रत्यक्षात तुमचा नफा त्याहून जास्त असेल तर तो जास्तच दाखवायचा.

या सगळ्याआधी नेमणूकपत्र काढून वाचा. बऱ्याच कंपन्यांच्या पत्रात दुसरा उद्योग न करण्याचं कलम असतं. तसं असेल तर एचआरकडून लेखी परवानगी घ्या, तोंडी ‘चालतंय की’ उपयोगाचं नाही. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना तर पूर्वपरवानगीशिवाय खाजगी धंदा करता येतच नाही. आणि थर्ड शिफ्ट करून आल्यावर शिडीचं काम घेऊ नका, गिऱ्हाईक कितीही चांगलं असलं तरी.