चार आयपीस आणि माझा चष्मा

माझी दुर्बीण आठ इंची डॉब्सोनियन (साध्या फिरत्या बैठकीवर ठेवलेली आरशाची दुर्बीण), फोकल लेंथ, म्हणजे आरशापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचं अंतर, १२०० मिमी. सोबत २५ आणि १० मिमी फोकल लेंथचे दोन प्लॉसल, म्हणजे साध्या प्रकारचे आयपीस (डोळा लावायची भिंगं), आले होते. १० मिमीच्या आयपीसमधून पहिल्यांदा गुरू पाहिला तेव्हा गुरूपेक्षा माझ्याच पापण्या जास्त दिसल्या. चष्मा लावून पाहावं तर किल्लीच्या भोकातून डोकावल्यासारखं, आणि काढून पाहावं तर दर उघडझापीला पापणी काचेवर घासणार. तिसऱ्या रात्री त्या काचेवर तेलकट पट्टा उमटला. मी तो खिशातल्या रुमालाने पुसला आणि वर एक बारीक ओरखडाही पाडून ठेवला.

असं का होतं, ते नंतर कळलं. साध्या प्लॉसलमध्ये डोळा काचेपासून किती लांब ठेवता येतो, म्हणजे आय रिलीफ, हे फोकल लेंथच्या साधारण सत्तर टक्के असतं. १० मिमीला ते ७ मिमी भरतं. आणि चष्म्याची काचच डोळ्यापासून १२ ते १४ मिमीवर असते. म्हणजे गणित सुरुवातीलाच फसलेलं. खोक्यावर ‘किती पट’ हे ठळक छापतात, आय रिलीफ मात्र शोधत बसावं लागतं.

मग मी जास्त आय रिलीफवाले आयपीस शोधायला लागले आणि ६६ अंश रुंद चित्र दाखवणारे, सोनेरी पट्टीचे, ९ आणि ६ मिमीचे घेतले. दोन्हींचं आय रिलीफ साधारण १५ मिमी. त्याच सुमारास एका मैत्रिणीचा ८ ते २४ मिमीचा झूम दोन महिने वापरायला मिळाला. ३२ मिमीचा साधा प्लॉसल सगळ्यात शेवटी आला. खरं तर तोच आधी घ्यायला हवा होता.

आधी ९ मिमीबद्दल. १३३ पट (१२०० भागिले ९). गुरूचे पट्टे, चंद्राच्या विवरांच्या कडा, हर्क्युलीसमधला एम १३ हा गुच्छ (मधून मधून सुटे तारे चमकतात, नुसता कापसाचा बोळा राहत नाही), सगळ्याला हाच लागतो. माझ्या दुर्बिणीला मोटर नाही, ती हाताने ढकलायची. १० मिमीच्या प्लॉसलमध्ये ग्रह एका कडेपासून दुसऱ्या कडेला जायला जेमतेम शंभर सेकंद घेतो. याच्यात पट जास्त असूनही दोन मिनिटं मिळतात, कारण चित्र रुंद आहे. पाहुण्याला ‘ये, बघ’ म्हणून बोलावल्यावर ती वीस सेकंद फार कामाची असतात. दोष आहेतच. डोळा जरा तिरका झाला की घेवड्याच्या दाण्यासारखी काळी सावली चित्रावरून सरकते. डोकं कुठे धरायचं हे अंगवळणी पडायला मला आठवडा लागला. आणि अगदी कडेच्या ताऱ्यांना पंख फुटतात. पण कडेला बघायला कोण जातं?

६ मिमी म्हणजे २०० पट. बहुतेक रात्री हवा एवढं पेलत नाही, शनी पाण्याखाली ठेवलेल्या नाण्यासारखा हलत राहतो. पण हवा थांबली की अभिजितजवळची ताऱ्यांची ती दुहेरी जोडी (दोन तारे, आणि त्यातला प्रत्येक पुन्हा दोन ताऱ्यांचा) याच्यात स्वच्छ सुटते. प्रत्येक जोडीतल्या दोन ताऱ्यांमधलं अंतर दोन-अडीच विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग). ९ मिमीतही ते तारे सुटतात, पण एकमेकांना चिकटून उभे असल्यासारखे दिसतात.

झूम मला पटला नाही. २४ मिमीच्या टोकाला, जिथे रुंद आभाळ हवं, तिथेच त्याचं चित्र जेमतेम चाळीस अंशांचं, नळीतून बघितल्यासारखं. त्याचा एकच उपयोग आवडला: हळूहळू फिरवत जायचं आणि गुरूचे पट्टे कुठे विरघळायला लागतात ते बघायचं. त्या रात्रीची हवा किती पट पेलेल ते मिनिटभरात कळतं. तेवढ्यासाठी मी तो विकत घेणार नाही.

आता चष्म्याचं. ‘चष्मा काढा आणि फोकस फिरवा’ हा सल्ला साध्या नंबराला लागू पडतो. माझा नंबर सिलिंड्रिकल, म्हणजे डोळ्याच्या वाकडेपणाचा, आहे, तो फोकस फिरवून जात नाही. म्हणून जास्त पटीला तर चष्मा हवाच, असं मी धरून चालले होते. झालं उलटंच. आयपीसमधून बाहेर पडणारा प्रकाशाचा झोत ६ मिमीला फक्त १ मिमी जाड असतो. तो बुबुळाच्या मधल्या इवल्याशा भागातून आत जातो आणि तिथे माझ्या डोळ्याचा वाकडेपणा जाणवतच नाही. ९ मिमीलाही जवळपास तेच. ३२ मिमीला मात्र हा झोत ५ मिमीच्या वर जातो, डोळ्याचा सगळा दोष उघडा पडतो, आणि चष्मा काढला की ताऱ्यांच्या बारीक रेघा होतात. म्हणजे चष्मा लागतो तो कमी पटीला. आणि तिथे साध्या प्लॉसललाच २० मिमीच्या वर आय रिलीफ असतं! इतके दिवस ज्याची काळजी केली, ते दुखणं तिथे नव्हतंच. ६६ अंशवाल्यांचा फायदा मला होतो तो पापणी काचेला लागत नाही एवढाच, पण तोही काही कमी नाही.

३२ मिमीत कृत्तिकांचे ठळक तारे एकत्र मावतात आणि भोवती थोडं काळं आभाळही उरतं. २५ मिमीत ते कसेबसे कोंबावे लागतात. ४० मिमीच्या मोहात पडू नका. सव्वा इंची नळीतून जेवढं आभाळ दिसू शकतं ते ३२ मिमीतच संपतं, पुढे नुसतं चित्र आक्रसतं. दोन इंची आयपीस घेतला तर गोष्ट वेगळी, पण तो जड असतो आणि माझ्या दुर्बिणीचं नाक खाली झुकायला लागतं.

आता चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला असतो. ३२ मिमी लावला की डोळ्यावर, ९ लावला की छातीवर. बारलोही (पट वाढवणारं जोडभिंग) आहे एक, पण अंधारात आणखी एक तुकडा कोण सांभाळणार म्हणून तो डब्यातच असतो. ओरखडा पडलेला १० मिमीचा प्लॉसल मात्र वाया गेला नाही. भाच्याला चष्मा नाही, आणि तो आला की तोच मागून घेतो.