दुधाच्या दाढेला कीड: चांदीचं औषध की सिमेंट?

घणसोलीच्या मैत्रिणीचा मुलगा तीन वर्षांचा, दाढेत खड्डा पडलाय. डॉक्टरांनी दोन मार्ग दिलेत: सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड हे चांदीचं औषध लावा, नाहीतर दात भरायचं सिमेंट भरा.

मुलाला होणारा त्रास बघितला तर औषध सरस. ना सुई, ना ड्रिल. मिनिटभर थेंब चोळला की झालं. त्यातली चांदी जिवाणू मारते, फ्लोराइड दात कडक करतं. पण किडलेला भाग कायमचा काळा पडतो, हे आजी-आजोबांना आधीच सांगून ठेवा. खड्डा तसाच राहतो, पोळीचे कण अडकतात. आणि साधारण 6 महिन्यांनी पुन्हा लावावं लागतं.

सिमेंटने खड्डा बुजतो, नीट चावता येतं. मात्र मूल स्थिर बसलं पाहिजे. लाळेने ओल्या दातावर भरलेलं लवकर निघतं. खर्चही जास्त. नवी मुंबईत नेरूळ, खारघरच्या दंत महाविद्यालयांत चौकशी करा, तिथे सहसा स्वस्त पडतं.

रात्री गोड दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवत राहिलात, तर दोन्ही उपाय वाया.

मूल फार घाबरतंय, बरेच दात किडलेत: औषध लावा. मूल शांत बसतंय, दाढ वयाच्या दहा-बारा वर्षांपर्यंत टिकवायचीय: सिमेंट. रात्री ठणका लागत असेल किंवा हिरडीवर पुळी आली असेल, तर दोन्ही पुरणार नाहीत. कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचलीय का, ते लगेच तपासून घ्या.