डॅम्परच्या सर्व्हिसला गेले आणि आधी कोन सेट बदलून आले: उद्यमनगरातल्या एका गाळ्याबद्दल

स्टिअरिंग डॅम्पर, म्हणजे हँडलची थरथर शोषणारी तेलाची नळी, खोलून, सील बदलून, तेल भरून परत देणारा माणूस कोल्हापुरात आहे. शिवाजी उद्यमनगरात, फाउंड्री आणि लेथच्या गाळ्यांच्या मधोमध. गाळ्यावर पाटी नाही, नेटवर पत्ता नाही. शॉकअपचं काम करणारे मामा कुठे बसतात असं चहाच्या टपरीवर विचारलं की हात करून दाखवतात. काम पाचपैकी साडेचार, वागणूक चार, वेळ पाळण्याचे दोन. ते दोन का, ते पुढे येईलच.

माझी गाडी 2018 ची केटीएम 390 ड्यूक, सेकंड हँड घेतलेली. आधीच्या मालकाने तिला सोनेरी रंगाचा, कुठलंही नाव नसलेला सरळ नळीचा डॅम्पर बसवला होता. एक टोक फ्रेमला, दुसरं टोक उजव्या फोर्कवर, म्हणजे पुढच्या चाकाच्या उजव्या पायावर, क्लॅम्प लावून. कंपनी या गाडीला डॅम्पर देत नाही. मी गाडी घेतली तेव्हा दांड्यावर तेलाचा ओघळ होताच. पुढे पुढे असं व्हायला लागलं की हायवेला पुलाच्या सांध्यावरून गेलं की हँडल दोन-तीन वेळा फडफडायचं आणि मग शांत व्हायचं. गावात मात्र उलटं: इचलकरंजीच्या बाजारात हळू चालवताना हँडल जड, गाडी सरळ धरता येईना, सारखी इकडून तिकडे. जिथे डॅम्पर लागतो तिथे तो नाही आणि जिथे नको तिथे आडवा. आमच्या घरी यंत्रमाग आहेत, त्यामुळे बेअरिंग, बुश, सील हे शब्द मला नवे नाहीत, आणि कुठलीही गोष्ट गळायला लागली की नवी आणण्याआधी ती खोलून बघायची ही घरची सवय.

गावातल्या दोन-तीन गॅरेजवाल्यांनी एकच सल्ला दिला: टाका काढून, ऑनलाइन दुसरा मागवा. एकाने तर डॅम्परचा क्लिक, म्हणजे अडसर कमी-जास्त करायची मूठ, घट्ट करून दिला आणि म्हणाला, आता हलणार नाही. खरंच हलेना. वळवताही येईना.

डॅम्पर करतो काय ते थोडक्यात, कारण बऱ्याच जणांना तो हँडल घट्ट करायचा स्क्रू वाटतो. नळीत तेल, आत दांड्याला लावलेला पिस्टन, पिस्टनच्या दोन बाजूंना जोडणारी बारीक वाट. हँडल सावकाश वळवलं की तेल त्या वाटेने निवांत जातं, अडसर नाहीच म्हणा. झटका बसला की तेवढंच तेल तेवढ्याच वाटेने घाईने जायला बघतं आणि अडतं. पुढचं चाक जेव्हा सेकंदाला चार ते दहा वेळा डावी-उजवीकडे थरथरायला लागतं तेव्हा ती ताकद हा अडसर खाऊन टाकतो. जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या हँडलच्या मधोमध जी काळी गोल मूठ असायची, तो घर्षणावर चालणारा डॅम्पर. पिळला की चकत्या आवळल्या जायच्या आणि हळू वळवा नाहीतर जोरात, अडसर जवळपास सारखाच. तेलाच्या डॅम्परने नेमकी हीच अडचण सोडवली. आता त्यातलं थोडं तेल गळून हवा आत गेली, तर दांडा सुरुवातीचे काही मिलिमीटर रिकामाच सरकतो. थरथर सुरू होते ती बरोबर त्याच काही मिलिमीटरमध्ये.

मामांनी आधी डॅम्पर खोललाच नाही. "ते नंतर बघू ताई, आदी म्होरलं चाक वर घेऊ." इंजिनखाली जॅक लावून पुढचं चाक अधांतरी केलं, डॅम्परचं एक टोक सोडवलं आणि मला म्हणाले, आता दोन बोटांनी हँडल फिरवा. हळूहळू फिरवलं तर अगदी मध्यावर, सरळ रेषेत, टक् करून बसलं. डावीकडून आणलं तरी टक्, उजवीकडून आणलं तरी टक्. स्टिअरिंगच्या बेअरिंगला, म्हणजे कोन सेटला, मध्यावर खाच पडलेली. गाडी आयुष्यातला बहुतेक वेळ सरळच चालते, खड्ड्यांचा मार त्याच जागी बसतो, म्हणून खाचही तिथेच. ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांनी रस्त्याची जी अवस्था केलीय त्यात राहणाऱ्या गाडीला हे व्हायचंच. मग फोर्कचं खालचं टोक धरून पुढे-मागे हलवलं तर ढिलाईही होती. "ह्यो डॅम्पर न्हवं, झाकण हाय," मामा म्हणाले. आधीच्या मालकाने कोन सेट बदलायच्या ऐवजी डॅम्पर बसवून लक्षण दाबलं होतं, आणि गळती सुरू झाल्यावर ते वर आलं.

मला या गाळ्याचं कौतुक आहे ते इथे. मी डॅम्परचे पैसे द्यायला तयार होऊन आले होते, गपचूप सील बदलून पाठवलं असतं तरी चाललं असतं. कोन सेट बदलला, टी (दोन्ही फोर्क धरणारा भाग) काढली, जुनं ग्रीस पुसून नवं भरलं, नट बरोबर ताणावर बसवला. टायरमधली हवा बघितली, पुढच्या चाकाचं बेअरिंग बघितलं, आणि मग डॅम्पर न जोडताच मला गाडी देऊन म्हणाले, पंचगंगेच्या पुलापर्यंत जाऊन या. पुलाच्या सांध्यावर हँडल एकदा हललं आणि गप्प. नव्वद टक्के दुखणं तिथेच संपलं होतं.

मग डॅम्पर खोलला. इथे मी स्टूल ओढून बसले, कारण हे काम कोणी डोळ्यांदेखत करत नाही. आतलं तेल काळपट आणि निम्मं. दांड्यावर उभी बारीक चर, त्यावरून घासून सीलची कड फाटलेली. मामांनी दांडा बारीक पॉलिश पेपरने, तेल लावून, गोल फिरवत घासला. लांबीच्या दिशेने घासला तर त्याच रेघांतून तेल बाहेर येतं असं त्यांचं म्हणणं, आणि ते बरोबर आहे. या डॅम्परचा सील किट असा काही मिळत नाही. त्यांनी व्हर्नियरने माप घेतलं आणि पोराला हायड्रॉलिक सीलच्या दुकानात पिटाळलं. माप जुळलं की झालं, कारण सीलला गाडीचं नाव माहीत नसतं. ओ-रिंगा बदलल्या, पातळ फोर्क ऑइल भरलं. तेल भरणं सोपं, हवा काढणं किचकट. क्लिक पूर्ण मोकळा ठेवून, नळी तेलात बुडवून दांडा सावकाश आत-बाहेर, बुडबुडे थांबेपर्यंत. नंतर हातात देऊन म्हणाले, ओढून बघा. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखा, कुठे पोकळ नाही. आधीचा आणि आताचा फरक हाताला कळतो, त्याला मीटर लागत नाही.

दोन्ही टोकांचे रॉड एंड, म्हणजे डॅम्पर गाडीला जोडणारे फिरते सांधे, तेही बदलले. त्यात अर्धा मिलिमीटर खेळ असेल तर आतल्या तेलाने कितीही इमानदारीने काम केलं तरी फुकट जातं.

फोर्कवरचा क्लॅम्प मात्र मामांना बघवेना. आधी कोणीतरी तो इतका आवळला होता की बाहेरच्या नळीवर वळ उठलेला. या गाडीचा फोर्क उलटा, म्हणजे जाड नळी वर आणि बारीक खाली. उलट्या फोर्कमध्ये बाहेरच्या नळीत बुश सरकतात. ती नळी चिमटली की फोर्क मध्येच अडकायला लागतो, आणि मग डॅम्पर बसवून गाडी आणखी बिघडवली असा प्रकार. शेजारच्या लेथवर अ‍ॅल्युमिनियमचा रुंद क्लॅम्प करून घेतला, आत नायलॉनची पातळ पट्टी. उद्यमनगरात असण्याचा हा फायदा: पुण्या-मुंबईत जी वस्तू "येत नाही" ती इथे भिंतीपलीकडे कातून मिळते. बसवल्यावर हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून बघितलं. गाडीच्या स्टॉपरला हँडल टेकायच्या आधी डॅम्परचा दांडा संपता कामा नये, नाहीतर एखाद्या दिवशी पार्किंगमध्ये गाडी पडली की सगळा भार त्या बारक्या दांड्यावर.

आता चालवायला कशी? क्लिक पूर्ण मोकळ्यापासून थोडेच आवळलेत. बाजारात हँडल हलकं. निपाणीपुढे तवंदी घाटात उतारावर वळणातून बाहेर पडताना, रस्ता खडबडीत असेल तर, हँडल हातात शांत राहतं. गगनबावड्याच्या घाटात मात्र मी डॅम्पर पूर्ण मोकळा करते; तिथल्या तीव्र वळणांत त्याचं काहीच काम नाही. खरं सांगायचं तर कोन सेट नवा झाल्यावर या गाडीला डॅम्पर हवाच असं मी म्हणणार नाही. 390 ची चाकांमधली लांबी 1357 मिमी आणि वजन कमी, त्यामुळे जोरात गॅस दिला की पुढचं चाक हलकं होतं आणि खड्ड्यावर चळतं, तिथे थोडी मदत होते, एवढंच. सुझुकी हायाबुसाची हीच लांबी 1480 मिमी, एवढी लांब आणि स्थिर गाडी, तरी तिला डॅम्पर कंपनीतूनच येतो, कारण तिचा वेग वेगळा.

नवा चांगला घेऊ का, हेही मी मामांना विचारलं. ओहलिन्स आणि हायपरप्रो या दोन्ही परदेशी कंपन्यांचे सरळ नळीचे डॅम्पर येतात, किंमत पाच आकडी. स्कॉट्सचा गोल, हँडलच्या मधोमध बसणारा, तो बनवते ओहलिन्सच. त्यात सावकाश हालचालीची आणि झटक्याची सेटिंग वेगवेगळी करता येते, शिवाय हँडल मध्यापासून दूर जाताना अडवायचं आणि परत येताना मोकळं सोडायचं हेही जमतं. दगडधोंड्यातून जाणाऱ्यांना त्याची खरी किंमत कळते. ट्रॅकवर जाणाऱ्यांनीही चांगला घ्यावा. माझ्यासारख्या कोल्हापूर-बेळगाव करणाऱ्या बाईने ते पैसे टायरमध्ये घालावेत, असं मामा म्हणाले, आणि विकून कमिशन मिळालं असतं तरी म्हणाले.

डॅम्परच्या सर्व्हिसचे, सील आणि रॉड एंड धरून, अठराशे घेतले. क्लॅम्पचे लेथवाल्याला सहाशे. कोन सेट आणि मजुरी वेगळी. महाग नाही.

आता ते दोन गुण. मामा "उद्या या" म्हणतात तो उद्या त्यांचा स्वतःचा असतो. फोन उचलत नाहीत. गाडी सोडून जाणार असाल तर घरी जायची सोय करून ठेवा. मी एकदा उसाच्या ट्रकला हात करून हातकणंगलेपर्यंत आलेय. बिल कागदाच्या चिठोऱ्यावर मिळतं, त्यात काय बदललं ते लिहिलेलं नसतं. मी मागून लिहून घेतलं, तेव्हा सीलचं माप आणि तेलाचा ग्रेडही लिहून दिला. तुम्हीही मागा, पुढच्या वेळी दुसऱ्या कोणाकडे काम करायचं झालं तर तेच लागणार आहे.

गोल डॅम्पर आणि इलेक्ट्रॉनिक डॅम्परला मामा हात लावत नाहीत. होंडाने 2004 च्या फायरब्लेडला जो दिला, किंवा कावासाकीच्या निंजा एच 2 वर जो येतो, तसले घेऊन जाऊ नका. ते स्वतःच नाही म्हणतात. सरळ नळीचा असेल तर न्या, आणि जाताना डॅम्पर सुटा पिशवीत घालून नेऊ नका. गाडी समोर नसेल तर ते काम घेत नाहीत.