रेक्झिनवरचा सोनेरी रंग आणि स्टिकरखालचं लेबल

नाटकांची, जिवंत देखाव्यांची, शाळेच्या गॅदरिंगची ड्रेपरी करणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. ‘खास व्हिनाइलसाठी, कितीही वाकवा, तडा जाणार नाही’ असं सांगून सोनेरी रंगाच्या डब्या व्हॉट्सअ‍ॅपवरून विकल्या जातात. मला विकलेल्या डबीत साधा ऑइलपेंट निघाला. गणपतीच्या तोंडावर एका मंडळाची सगळी चिलखतं त्याने वाया गेली.

काम पुण्यातल्या एका मंडळाचं होतं. महाभारतातल्या प्रसंगाचा जिवंत देखावा, कर्णाचं सोनेरी कवच आणि मागे उभे राहणारे सैनिक. जिवंत देखाव्यात कलाकार रोज संध्याकाळी तासन् तास तेच अंगावर घालून असतात. बसतात, वाकतात, घामेजतात, पुन्हा उभे राहतात. म्हणून आम्ही कवचं कडक प्लास्टिकची न करता जाड रेक्झिनची शिवतो. आत फोम, वर रेक्झिन, कडेला गोट. रेक्झिन म्हणजे कापडावर चढवलेलं मऊ पीव्हीसी, म्हणजेच व्हिनाइल. खवल्यांचा उठाव दिसावा म्हणून त्यावर सोनेरी रंग लागतो आणि खरी अडचण तिथेच असते.

विक्रेत्याला मी आधी सगळं विचारलं होतं. मऊ पीव्हीसीवर चालेल का, घड्यांवर फुटेल का, घामाने सुटेल का. प्रत्येक प्रश्नाला त्याचं उत्तर तयार होतं. तेवढ्यावर न थांबता माझ्याच रेक्झिनचा तुकडा त्याच्याकडे पाठवला आणि यावर लावून दाखवा, असं सांगितलं. त्याने व्हिडिओ पाठवला. सोनेरी पट्टी पिळतोय, चुरगळतोय, नखाने खरवडतोय, रंग जागचा हलत नाही. मागोमाग ती पट्टी कुरिअरने आली. मीही चुरगळून पाहिली. “ताई, निर्धास्त राहा, बाहेरचा माल आहे,” असं फोनवर सांगून त्याने पूर्ण पैसे आगाऊ घेतले. बिल मागितलं तेव्हा मालासोबत येईल म्हणाला. ते कधीच आलं नाही.

रंग लावला त्या दिवशी कवचं झळझळीत दिसत होती. दुसऱ्या दिवशी हात लावला तर बोटांचे ठसे उमटले. पावसाळी हवा आहे, वेळ लागेल, असं तो म्हणाला. पंखे लावून ठेवलं. पुढच्या आठवड्यात चिकटपणा उलट वाढला. एकावर एक ठेवलेले दोन बाजूबंद सोडवताना एकाचा रंग दुसऱ्यावर पापुद्र्यासारखा निघून आला. मग त्याने ‘हार्डनर’ नावाची बाटली वेगळे पैसे घेऊन विकली. ती मिसळून लावलेला थर वरून कडक झाला खरा, पण तालमीत कलाकार खाली वाकताच पोटावरच्या घडीत आडव्या भेगा पडल्या आणि खपल्या गळाल्या. त्यानंतर त्याने फोन उचलणं बंद केलं.

त्याने पाठवलेली पट्टी तेव्हा पुन्हा हातात घेतली आणि उलटी केली. माझ्या रेक्झिनच्या मागे होजियरीचं, ताणलं जाणारं पांढरं कापड आहे. या पट्टीच्या मागे जाडंभरडं, उभ्या-आडव्या धाग्यांचं करडं कापड होतं. ब्लेडने कड कापली तर सोनेरी रंग वरच्या थरापुरता नव्हता, पार कापडापर्यंत उतरलेला होता. कारखान्यातूनच सोनेरी होऊन आलेल्या रेक्झिनची ती पट्टी होती. तिला कुणी ब्रश लावलेलाच नव्हता. पिळताना रंग सुटणार तरी कसा?

मग डबी पाहिली. हेअर ड्रायरची गरम हवा दिल्यावर तिच्यावरचा चकचकीत स्टिकर सुटला आणि खाली मूळ लेबल निघालं. सिंथेटिक एनॅमल, म्हणजे साधा ऑइलपेंट, लाकूड व धातूसाठी. ज्या कंपनीचा तो रंग होता तिचा यात काही दोष नाही, तिने डबीवर खरं तेच छापलं होतं. तीच डबी दुकानात कितीतरी स्वस्त मिळते.

रंग का वाळला नाही, हे ठाऊक असेल तर अशा माणसाला पहिल्याच फोनवर अडवता येतं. पीव्हीसी मुळात कडक असतं, नळाच्या पाइपसारखं. ते मऊ करायला त्यात प्लॅस्टिसायझर नावाचं तेलकट द्रव्य घालतात. मऊ व्हिनाइलमध्ये त्याचं प्रमाण वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही जास्त असू शकतं. हे द्रव्य आत बांधलेलं राहत नाही, हळूहळू पृष्ठभागाकडे सरकतं. वर ऑइलपेंट असेल तर त्याच्या थरात शिरून त्यालाही मऊ करून टाकतं, म्हणून तो महिनोन् महिने चिकट राहतो. स्प्रेच्या बऱ्याच साध्या डब्यांचंही असंच होतं. पहिल्या दिवशी यातलं काहीच दिसत नाही. फसवणाऱ्याला तेवढाच वेळ पुरतो, कारण तोवर पैसे त्याच्या खात्यात गेलेले असतात.

व्हिनाइलला धरणाऱ्या रंगात पीव्हीसीचा वरचा थर किंचित विरघळवणारं द्रावक असतं. स्क्रीन प्रिंटिंगवाले वापरतात ती पीव्हीसी इंक अशीच असते. तिचा वास पीव्हीसी पाइप जोडायच्या सोल्युशनसारखा उग्र येतो. माझ्या डबीला टर्पेंटाइनचा वास होता. पीव्हीसी इंक तिच्याच रिड्युसरने पातळ करायची. हाताशी आहे म्हणून भलता थिनर घातला तर रेक्झिन सुरकुततं. दारं-खिडक्या उघड्या हव्यात, जवळपास शेगडी किंवा दिवा नको आणि मास्क वाफा रोखणारा, गाळणीची कार्ट्रिज लावलेला हवा, कापडी नाही. घरात लहान मुलं असतील तर चामड्याच्या बॅगा-बुटांसाठीचा पाण्यातला लवचीक अ‍ॅक्रिलिक रंग मला जास्त बरा वाटतो. धरायला तो थोडा नाजूक असतो, पण पातळ थर देत गेलं तर घडीवर चांगला टिकतो. दोन्ही बाबतीत आधी रेक्झिन आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यायचं, कारण त्यावरचा तेलकटपणा डोळ्यांना दिसत नाही.

आता मी विक्रेत्याकडचा नमुना बघतच नाही. थोडा रंग विकत घेऊन माझ्याच तुकड्यावर लावते. वाळल्यावर ब्लेडने बारीक चौकटी पाडून त्यावर चिकटपट्टी दाबते आणि झटक्यात ओढते. किती चौकोन निघून आले ते पाहते. रंग-उद्योगातही पकड अशीच तपासतात. नंतर दोन रंगवलेले तुकडे रंगाची बाजू रंगाच्या बाजूला लावून वर वजन ठेवते, गरम जागी रात्रभर. ते एकमेकांना चिकटले तर तो रंग बाद. शेवटी तुकडा आठवडाभर तसाच ठेवून पुन्हा बोट लावते. ऑर्डर घाईची असली तरी हा आठवडा मी सोडत नाही.

लेबलाचंही सांगते. २०११ च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांप्रमाणे डबीवर उत्पादक, पॅकर किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, निव्वळ प्रमाण, महिना-वर्ष, कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला असावा लागतो. माझ्या डबीवरच्या स्टिकरवर फक्त एक इंग्रजी नाव आणि ड्रॅगनचं चित्र होतं. ‘बाहेरचा माल’ म्हणणाऱ्याला आयातदाराचा पत्ता विचारा. मी विचारला तेव्हा त्याने विषय बदलला होता.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर मी तक्रार नोंदवली आहे. बिल नसलं तरी यूपीआयची पावती, चॅट, त्याचा व्हिडिओ आणि त्याची पट्टी व माझं रेक्झिन या दोन्हींचे मागून-पुढून काढलेले फोटो माझ्याकडे आहेत. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क लागत नाही. इथून काही झालं नाही तर मी तिकडे जाणार आहे. मंडळाचे पैसे मी परत केले आणि देखाव्यासाठी रात्री जागून तयार सोनेरी रेक्झिनची कवचं शिवली. खवल्यांचा उठाव त्यात नव्हता, याचं अजून वाईट वाटतं.

तुमच्याकडे असा रंग आधीच लागून बसला असेल तर त्यावर दुसरा चांगला रंग चढवू नका, खालचा थर चिकटच राहतो आणि वरचाही घेऊन सुटतो. थिनरने पुसायला गेलात तर रेक्झिनच जातं. मी वरचं रेक्झिन उसवून फोम वाचवला आणि नवीन रेक्झिन चढवलं. रंगवलेला एक तुकडा, डबी आणि स्टिकर मात्र फेकू नका. तक्रारीत हाच पुरावा लागतो.